बाईचे पात्र, बाप्याचा अंगठा

मनुष्याला आपले आईबाप, आपले आडनाव आणि आपल्या गल्लीत नळाला पाणी येण्याचा वार यांपैकी काहीही निवडता येत नाही. ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांत मात्र पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच त्याला स्त्री व्हायचे की पुरुष, असा प्रश्न विचारला जातो आणि उत्तरासाठी कोणताही दाखला, शपथपत्र किंवा दोन साक्षीदार मागितले जात नाहीत. भूमिकाप्रधान खेळ म्हणजे ज्यात खेळाडू एक काल्पनिक पात्र धारण करतो, त्या पात्राकरवी राक्षस मारतो, सोने साठवतो, एकेक पातळी म्हणजे ‘लेव्हल’ चढत जातो आणि हा सारा संसार जगभरातील अनोळखी लोकांच्या संगतीने करतो, असा खेळ. या प्रकाराचे एक मूळ 1978 साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी रचलेल्या, केवळ मजकुरावर चालणाऱ्या ‘मड’ या खेळात सापडते, तर 2004 साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने त्याचा जगभर प्रसार केला. काटेकोर पाहू गेल्यास ‘बीजीएमआय’ आणि ‘फ्री फायर’ हे गोळीबाराचे खेळ होत, भूमिकाप्रधान नव्हेत. परंतु पात्र धारण करण्याचा प्रश्न तेथेही तोच असल्याने आणि मनमाडच्या फलाटावर या सर्वांना ‘गेम’ हे एकच नाव असल्याने, प्रस्तुत विवेचनात हा भेद फार ताणण्याचे कारण नाही.

या विषयाच्या अभ्यासाला मनमाडइतके अनुकूल गाव शोधूनही सापडणार नाही. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे जंक्शन असून येथून एक फाटा दौंडकडे व दुसरा छत्रपती संभाजीनगरकडे फुटतो. रेल्वेचा येथील कारखाना 1906 पासून पुलांसाठी लोखंडी काम करतो, अन्न महामंडळाची गोदामे धान्य साठवतात आणि फलाट वेळ साठवतो. गाडी उशिरा असल्याची घोषणा तीन भाषांत होते, तिन्ही भाषांत होणाऱ्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त केला जातो आणि त्या खेदाच्या अवधीत नाशिकला अप-डाउन करणारा पासधारक तरुण फोन आडवा धरतो. गावाजवळ उभा असलेला हडबीची शेंडी हा सुळका रेल्वेतून पाहताना वर केलेल्या अंगठ्यासारखा दिसतो, त्यामुळे ज्या पिढीचे सर्व व्यवहार अंगठ्याने चालतात तिला या परिसरात निसर्गाचाही पाठिंबा आहे, असे मानण्यास हरकत नाही.

निरीक्षणासाठी चार्जिंगच्या प्लगपाशी दाटीवाटीने बसलेला चौघांचा गट घेतला तर पुष्कळ सामग्री हाती लागते. स्क्रीनगार्डला कोपऱ्यातून तडा गेलेला आहे, वायर प्लगमध्ये ढिली बसत असल्यामुळे ती एकाने बोटाने दाबून धरलेली आहे, खेळणाऱ्याला नुकतेच मिसरूड फुटलेले आहे. आणि त्याच्या दोन अंगठ्यांच्या मधोमध गुलाबी केसांची, गुडघ्यापर्यंत बूट चढवलेली, पाठीला लोखंडी तवा बांधलेली एक युवती गवतातून सरपटत चाललेली आहे. ‘वहिनीला कव्हर द्या रे,’ असे एक मित्र म्हणतो, दुसरा हसतो, आणि खेळणारा मान वर न करता ‘अरे भो, बारीक आहे म्हणून घेतली, गोळी लागत नाही,’ असे उत्तर देतो. या खुलाशात प्रस्तुत विषयाचे सार आले आहे. युवती निवडायला त्याला एक टिचकी पुरली होती. तिच्या केसांचा रंग ठरवायला मात्र मनमाड सुटल्यापासून नांदगाव येईपर्यंतचा वेळ लागला होता. आणि गोळी न लागण्याचे कारण तर आत्ता, कोणीतरी हसल्यानंतर, जन्माला आले. निवड आधी होते, कारण नंतर येते, आणि ते नेहमी एखाद्या अत्यंत व्यवहारी चेहऱ्याने येते, हा या शास्त्राचा पहिला सिद्धांत होय.

पुरुष खेळाडू स्त्री-पात्र का घेतात, याविषयी खुद्द खेळाडूंमध्ये तीन पंथ आढळतात. पहिला दर्शनवादी पंथ. बहुतेक अशा खेळांत दृश्य पात्राच्या पाठीमागून दिसते, म्हणजे खेळाडू दिवसचे दिवस स्वतःच्याच पात्राची पाठ पाहत असतो. तेव्हा पाहायचेच आहे तर एखाद्या रेड्यासारख्या खांद्यांच्या योद्ध्याची पाठ कशाला पाहावी, असा या पंथाचा रोखठोक सवाल असतो. 1996 साली ‘टूम रेडर’ या खेळात लारा क्रॉफ्ट ही नायिका अवतरली तेव्हापासून हा युक्तिवाद जगभर पाठ झालेला आहे आणि तो प्रामाणिक आहे, यात शंका नाही. त्यात अडचण एवढीच की, हाच खेळाडू त्या पात्राविषयी बोलताना ‘ती मेली’ असे कधीच म्हणत नाही, तर ‘मी मेलो’ असे म्हणतो. पाहण्यासाठी म्हणून आणलेली बाहुली मरते तेव्हा मरणारा कोण, हा प्रश्न दर्शनवाद्यांनी अद्याप सोडवलेला नाही.

दुसरा गुणवादी पंथ. ‘फ्री फायर’मध्ये प्रत्येक पात्राला एक अंगभूत सामर्थ्य असते, केली नावाची मुलगी इतरांपेक्षा वेगाने धावते, तर ब्राझीलच्या खऱ्याखुऱ्या डीजेवरून घडवलेला आलोक सोबत्यांच्या जखमा भरून आणतो. साहजिकच केली घेणारा ‘धावते म्हणून घेतली’ असे सांगतो आणि ते मान्य करावेच लागते, कारण पळून जाण्याची सोय हा युद्धशास्त्रातील दुर्लक्षून न चालणारा भाग आहे. ‘बीजीएमआय’सारख्या खेळात असे अंगभूत गुण पात्राच्या लिंगाला चिकटलेले नसल्यामुळे गुणवाद्यांना थोडे कष्ट घ्यावे लागतात आणि मग बाईचे अंग बारीक, म्हणून गोळी चुकते, हा सिद्धांत पुढे येतो. स्पर्धा समतोल राहावी म्हणून गोळी लागण्याची चौकट सर्व पात्रांना सारखी ठेवणे निर्मात्यांच्या हिताचे असते, हे सांगूनही श्रद्धा ढळत नाही, कारण हरलेल्या डावात चौकट दोषी असते आणि जिंकलेल्या डावात स्वतःचा हात. पोशाखांचा मुद्दाही याच पंथात मोडतो. स्त्री-पात्रांचे कपडे अधिक नटवे असतात, म्हणून तेच पात्र घ्यावे, असे म्हणणारा तरुण प्रत्यक्ष आयुष्यात दिवाळीचा शर्ट आईने आणलेला घालतो, ही विसंगती त्याच्या लक्षात येत नाही. खेळातला पोशाख म्हणजे ‘स्किन’ मात्र विकत घ्यावा लागतो आणि त्यासाठी यूसी किंवा डायमंड हे खेळातले चलन खऱ्या रुपयांनी भरावे लागते. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

तिसरा लाभवादी पंथ सर्वांत मोकळा आणि म्हणूनच सर्वांत कमी बोलणारा. मोठ्या भूमिकाप्रधान खेळांत नवख्या स्त्री-पात्राला अनोळखी वीर ढाली, तलवारी आणि जखम भरणारी औषधे फुकट देऊन जातात, तिला वाट दाखवतात आणि तिच्यासाठी राक्षसाच्या तोंडी जातात, असा खेळाडूंचा जुना अनुभव आहे. ज्या गावाने पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळाला येणाऱ्या पाण्याच्या हिशोबाने वर्षानुवर्षे टाक्या आणि ड्रम भरले, त्या गावातील खेळाडूला न मागता कोणी औषधाची बाटली देतो याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. गंमत अशी की, देणारा वीरही बहुधा पुरुष आणि घेणारी वीरांगनाही पुरुषच. दोघेही परस्परांना फसवत असल्याने कोणाचेच नुकसान होत नाही आणि अर्थव्यवस्था सुरळीत चालते. या अर्थव्यवस्थेची दुसरी बाजू अर्थतज्ज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी 2003 साली दाखवली. ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील तयार पात्रे लोक खऱ्या पैशांत लिलावाने विकत असत आणि त्या व्यवहारांचा हिशोब मांडल्यावर असे दिसले की, सारख्याच लेव्हलच्या पुरुष-पात्रापेक्षा स्त्री-पात्राला भाव कमी मिळतो. दोघांचे बळ आकड्यांत अगदी समान असतानाही हे घडते. म्हणजे जिला फुकट तलवार द्यायला रांग लागते, तिलाच विकायला काढले की गिऱ्हाईक घासाघीस करू लागते. खऱ्या जगाचा इतका हुबेहूब नमुना दुसऱ्या कोणत्याही खेळात उतरलेला नसेल.

हे सारे परदेशी खूळ असून ते मोबाइलबरोबर आपल्याकडे आले, असा आक्षेप वडीलधाऱ्या मंडळींकडून घेतला जातो. हा आक्षेप घेणाऱ्यांना इतिहास आठवत नाही, असे नम्रपणे नमूद करणे भाग आहे. कीचकाच्या स्वागताला नृत्यशाळेच्या अंधारात द्रौपदीच्या जागी भीम जाऊन बसला आणि अर्जुनाने बृहन्नडा होऊन विराटाच्या मुलीला नाच शिकवला, हे एकाच पर्वात घडले. पहिले डावपेचाचे कारण होते, दुसरे सक्तीचे. नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीसाठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकाच खेळाडूने दोन आयडी चालवण्याचे हे भारतीय पडद्यावरील आद्य उदाहरण असून, रामाने पडद्यावर सोसलेला विरह हा वस्तुतः स्वतःच्याच गैरहजेरीचा होता, असे म्हणावे लागते.

रंगभूमीवर तर ही परंपरा राजमान्य होती. 1843 साली सांगलीत झालेल्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून पुढे कित्येक दशके मराठी नाटकातील नायिका दाढी करून रंगपटात बसत असे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी 1911 साली ‘मानापमान’मधील भामिनी आणि 1916 साली ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी उभी केली तेव्हा घरंदाज स्त्रिया त्यांच्या लुगडे नेसण्याची आणि दागिने घालण्याची नक्कल करू लागल्या. स्त्रीने कसे दिसावे हे स्त्रियांनी एका पुरुषाकडून शिकावे आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटू नये, इतका तो काळ पुढारलेला होता. तमाशात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची मावशीही पुरुषच होतो आणि जत्रेत तिच्या बोलण्यावर सर्वांत मोठ्याने तोच आजोबा हसतो, जो घरी नातवाच्या फोनवरील गुलाबी केस पाहून कपाळावर आठ्या पाडतो.

पुरुष बाईचे सोंग घेतो, हे महाराष्ट्राला कधीच खटकलेले नाही. त्यामागे सांगण्यासारखे कारण नसले, तरच ते खटकते. साळुंके यांच्यापाशी कारण होते नोकरीचे, बालगंधर्वांपाशी कलेचे, भीमापाशी कीचकाचे. तमाशातील नाच्यापाशीही कलेचेच कारण होते, पण ते ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते. आनंद यादव यांची ‘नटरंग’ ही कादंबरी आणि 2010 साली तिच्यावर आलेला चित्रपट पाहिलेल्यांना त्या सोंगाची किंमत कळलेली आहे. लुगडे तेच, मात्र तिकिटाचा दर बदलला की आदराचे माप बदलते. मनमाडच्या फलाटावरील तरुण ‘गोळी लागत नाही’ असे घाईघाईने का सांगतो, याचा उलगडा येथे होतो. त्याला बाईचे पात्र ठेवायचे आहे आणि मिशीही राखायची आहे. गोळीचा सिद्धांत ही ती मिशी होय.

कारणे सांगता येतात, पण अंगवळणी पडलेले लपवता येत नाही, याला संशोधनाचाही आधार आहे. रोझा मिकील मार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या 375 खेळाडूंना खास बांधलेल्या एका मोहिमेवर पाठवले. त्यांतील पुरुषांपैकी 23 टक्क्यांनी स्त्री-पात्र घेतले, तर स्त्रियांपैकी केवळ 7 टक्क्यांनी पुरुष-पात्र घेतले. स्त्री-पात्र घेतलेल्या पुरुषांनी पारंपरिक केशरचनेची देखणी पात्रे पसंत केली, बोलण्यात भावना आणि उद्गारचिन्हे वाढवली. परंतु चालण्यात ते सापडले. ते इतरांपासून जास्त अंतर राखून उभे राहत, मागे मागे सरकत आणि विनाकारण उड्या मारत. वाणीला वळण लावता येते, पायांना लावता येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात नववारी नेसून रंगमंचावर ढांगा टाकत आलेल्या ‘झाशीच्या राणी’ला पाहिलेल्या कोणत्याही पालकाला हा निष्कर्ष नवा वाटणार नाही.

उलट दिशेनेही परिणाम होतो. निक यी आणि जेरेमी बेलन्सन यांनी 2007 साली ‘प्रोटियस परिणाम’ ही संकल्पना मांडली. प्रोटियस हा ग्रीक पुराणातील रूपे बदलणारा सागरदेव. माणसाला आभासी जगात जे रूप मिळते त्याला साजेसे तो नकळत वागू लागतो, असा तिचा आशय असून, त्यांच्या प्रयोगांत देखणे रूप मिळालेली माणसे अनोळखी व्यक्तीच्या अधिक जवळ गेली आणि उंच रूप मिळालेल्यांनी पैशांच्या वाटणीत अधिक ताणून धरले. सोंग घेणारा सोंगाला घडवतो, तसेच सोंगही त्याला थोडे घडवते. म्हणून बाईच्या पात्रात शिरून हिंडणाऱ्या तरुणाला, औषधाच्या बाटल्यांबरोबरच, नको असलेली लगट, नको असलेला सल्ला आणि ‘कुठून आहेस?’ हा न संपणारा प्रश्नही फुकट मिळतो. त्यातील काहींना तेव्हा प्रथमच आपल्या बहिणीचा फोन सतत सायलेंटवर का असतो, याचा अंदाज येतो. अभ्यासक्रमात नसलेला हा धडा खेळाने शिकवला, तर खेळाचे आभारच मानायला हवेत.

निवडच काढून घेतली तर काय होते, हेही पाहून झाले आहे. ‘रस्ट’ या खेळाच्या निर्मात्यांनी 2016 साली प्रत्येक खेळाडूच्या खात्याच्या क्रमांकावरून पात्राचे लिंग कायमचे ठरवून टाकले. अनेक पुरुष एके सकाळी उठून पाहतात तो ते बाई झालेले होते आणि ते बदलण्याची सोय नव्हती. तक्रारींचा पाऊस पडला. जी अट जन्माला येणाऱ्या प्रत्येकाला आजवर मुकाट्याने पाळावी लागली, तीच अट खेळात लागू झाल्यावर तिच्यातील अन्याय प्रथमच काहींच्या ध्यानात आला.

येथवर विवेचन पुरुषांभोवती फिरले, कारण सोंगाची हौस त्यांना आहे. स्त्रियांच्या निवडीत हौसेचा वाटा कमी आणि सोयीचा अधिक असतो. जी मुलगी पुरुष-पात्र घेते, किंवा पात्र मुलीचे ठेवून नाव ‘भाऊ’ने संपणारे घेते, ती बाटल्या मिळवण्यासाठी ते करीत नाही, तर बाटल्या टाळण्यासाठी करते. स्क्वॉडमध्ये, म्हणजे चौघांच्या तुकडीत, अनोळखी लोकांबरोबर उतरल्यावर ‘माइक ऑन कर’ हा हुकूम येतो. आवाज बायकी निघाला की डाव बाजूला राहतो आणि चौकशी सुरू होते. त्यामुळे उत्तम नेम असलेली ती मुकी राहून खेळते आणि वाईट नेम असलेला मुलगा गुलाबी केस हलवत मोठमोठ्याने सूचना देतो. रंगभूमीवर स्त्रीच्या भूमिका स्त्रीनेच करण्याचा प्रघात रुळायला 1843 नंतर जवळजवळ शतक जावे लागले आणि 1933 सालच्या ‘आंधळ्यांची शाळा’सारख्या नाटकाची त्यासाठी आजही आठवण काढली जाते, खेळाच्या मैदानात ती प्रतिष्ठापना अजून व्हायची आहे. याखेरीज काही थोडे खेळाडू असेही असतात की, ज्यांना घरात, वर्गात किंवा गल्लीत जे म्हणवून घेता येत नाही ते पात्राच्या रूपाने प्रथमच म्हणवून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली असली तरी अनेक खेळांच्या पहिल्या पानावर अजूनही दोनच बटणे आहेत. त्या खेळाडूंची निवड हे सोंग नव्हे आणि तिला कारण विचारण्याचा अधिकारही कोणाला नाही.

तात्पर्य, पुरुष बाईचे पात्र का घेतो याचे खरे उत्तर बहुधा ‘आवडले म्हणून’ एवढेच असते आणि ते दोन शब्दांत न देता दर्शन, गुण व लाभ यांच्या तीन शास्त्रांत दिले जाते. शंभर वर्षांपूर्वी बालगंधर्वांना डोक्यावर घेतलेल्या समाजाने गुलाबी केसांच्या एका युवतीपायी आपल्या पोराला सरपटत लाजायला लावणे बरे नव्हे. मुलगी पोराचे नाव घेऊन खेळते तेव्हा मात्र दोष नावाचा नसतो, तुकडीतल्या उरलेल्या तिघांचा असतो. वाचकांपैकी जे कोणी त्या तिघांत मोडत असतील त्यांना एवढीच विनंती की, पुढच्या वेळी जखमी पडलेल्या सोबत्याजवळ पोहोचल्यावर आधी त्याला उठवावे. तो कुठला, कोण आणि खरोखर मुलगी आहे का, ही चौकशी डाव संपल्यावरही करू नये.